एक्झॉस्टची धग: अंतिम वर्षाच्या प्रकल्पाच्या नोंदी

२२ जुलै २०२४, नाशिक

विषय मंजूर झाला. फॉर्मवर आम्ही लिहिलं होतं, 'विमानाच्या इंजिनाच्या एक्झॉस्टची इन्फ्रारेड खूण कमी करणे'. म्हणजे उष्णता हेरून मागे लागणाऱ्या क्षेपणास्त्राला विमान कमी दिसावं. आमच्या गाइड मॅडमनी वाचून विचारलं, "इंजिन कुठंय?" इंजिन नाही. मिळणारही नाही. म्हणून ठरलं की गरम हवेचा झोत ब्लोअर आणि हीटरवर तयार करायचा, त्याला वेगवेगळी तोंडं लावायची आणि तो किती अंतरात किती थंड होतो ते मोजायचं.

आम्ही चौघं मेकॅनिकलचे. एकाला हवेच्या प्रवाहाचं संगणकावरचं सिम्युलेशन, म्हणजे सीएफडी, आवडतं, त्याला सगळे सीएफडीवाला म्हणतात. दुसऱ्याच्या वडिलांचं अंबडला फॅब्रिकेशनचं शेड आहे, त्यामुळे त्याचा ग्रुपमधला भाव आधीच वधारलेला. तिसरीला वायरी, सेन्सर आणि डेटा लॉगर सांभाळायला आवडतं. लिखाण माझ्याकडे. म्हणून या नोंदी.

५ ऑगस्ट २०२४

आधी आकडे. धातू जितका गरम, तितकी त्याच्या किरणांची कमाल तरंगलांबी आखूड होते. वीनचा नियम सगळ्यांनी बारावीनंतर कधीतरी पाठ केलेला असतो, पण तो विमानाला लावून पाहिला की मजा येते. ३०० केल्विनची विमानाची त्वचा ९.७ मायक्रॉनला सर्वात तेजस्वी, ६०० केल्विनचा पत्रा ४.८ ला, ९०० केल्विनचं नोझल, म्हणजे झोत बाहेर पडायचं तोंड, ३.२ ला. हवेतून इन्फ्रारेड किरण जिथून बऱ्यापैकी पार जातात अशा कामाच्या दोन खिडक्या आहेत. एक ३ ते ५ मायक्रॉन, दुसरी ८ ते १२. गरम नोझल नेमकं पहिल्या खिडकीत उभं राहतं.

एकूण उत्सर्जन तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं हे सगळ्यांना माहीत. त्या हिशोबाने ९०० केल्विनचा पत्रा ६०० च्या पत्र्याच्या पाचपट किरणं सोडतो. आम्ही फक्त ३ ते ५ मायक्रॉनचा पट्टा वेगळा काढून प्लँकच्या कोष्टकावरून (कोणत्या तापमानाला कोणत्या तरंगलांबीची किती किरणं, ते सांगणारं) बेरीज केली. ९०० ला चौरस मीटरमागे साधारण १३,३०० वॅट, ६०० ला १,७०० वॅट. म्हणजे पाच नाही, पावणेआठ पट. ३०० केल्विनला तर सहा वॅटही येत नाहीत. गरम नोझल आणि गार विमान यांच्यात या पट्ट्यात दोन हजारांहून जास्त पट फरक. ८ ते १२ मायक्रॉनमध्ये हाच फरक चौतीस पटच उरतो, कारण तिथे जमीन, ढग, पंख सगळेच थोडेफार उजळलेले असतात.

यातून पुढचं काम सोपं झालं. तापमान शंभर-दीडशे अंशांनी जरी उतरलं तरी ३ ते ५ च्या पट्ट्यात मोठी घट मिळते. मात्र क्षेपणास्त्राचा पल्ला, म्हणजे त्याला विमान जितक्या दुरून दिसतं ते अंतर, त्या प्रमाणात घटत नाही. तेज अंतराच्या वर्गाने कमी होतं. हवेतलं शोषण बाजूला ठेवलं, तर पल्ला निम्मा करायला चमक चौथाईवर आणावी लागते. चमक निम्मी केली तर पल्ला सत्तर टक्के राहतो. एवढ्यासाठी इतका खटाटोप कशाला, असं सीएफडीवाला म्हणाला. मॅडम म्हणाल्या, फ्लेअरचं गणित कर. विमान जितकं मंद, तितका क्षेपणास्त्राला फसवायला सोडलेला जळता गोळा, म्हणजे फ्लेअर, तुलनेने भडक. मंद केलेलं विमान आणि वेळेवर सोडलेला फ्लेअर मिळून एकेकट्यापेक्षा बरंच जास्त काम करतात.

१९ ऑगस्ट २०२४

लायब्ररीत बसून इतिहास. हा भाग अहवालात दोन पानांत उरकायचाय, पण इथे मोकळेपणाने लिहितो.

उष्णतेच्या मागावर जाणाऱ्या क्षेपणास्त्राने लढाईत पहिला बळी घेतला तो २४ सप्टेंबर १९५८ ला, तैवानच्या सामुद्रधुनीवर. तैवानच्या सेबर विमानांनी अमेरिकी साइडवाइंडर चिनी मिगवर सोडली होती. त्या क्षेपणास्त्राचा डोळा लेड सल्फाइडचा, न थंड केलेला. त्याला फक्त तापलेला धातू दिसायचा, म्हणजे मागून इंजिनाच्या नळकांड्यात डोकावल्यावर जे दिसतं ते. समोरून किंवा बाजूने आलेलं विमान त्याला जवळपास अदृश्यच. त्यामुळे त्या काळात बचाव म्हणजे शेपूट न दाखवणे.

पुढे डोळा सुधारला. इंडियम अँटिमोनाइडचा डिटेक्टर थंड करून वापरायला लागले तसा तो ४ मायक्रॉनच्या आसपास पाहू लागला आणि धातूबरोबर गरम वायूचा झोतही त्याला दिसू लागला. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश सी हॅरियरवर असलेली साइडवाइंडरची 'एल' आवृत्ती अशीच, कोणत्याही बाजूने विमान धरणारी.

वायूचा झोत दिसतो तो कार्बन डायऑक्साइडमुळे. हा वायू ४.३ मायक्रॉनला चमकतो, पण वाटेतल्या थंड हवेतही तोच वायू आहे आणि तो तीच किरणं गिळतो. मग काहीच दिसायला नको! पण गरम वायूची पट्टी थंड वायूच्या पट्टीपेक्षा रुंद असते. मधला भाग हवा गिळते, दोन्ही कडा निसटून पुढे जातात. पुस्तकांत त्यांना निळा आणि तांबडा काटा म्हणतात. सगळ्या विषयात मला सर्वात आवडलेली गोष्ट ही.

खांद्यावरून सोडायच्या क्षेपणास्त्रांनी खरा गोंधळ घातला तो हेलिकॉप्टरांच्या बाबतीत. १९७२ मध्ये व्हिएतनाममध्ये सोव्हिएत स्ट्रेला आलं आणि अमेरिकी ह्यूई हेलिकॉप्टरांच्या एक्झॉस्टला वर वळणारा मोठा बाक लावावा लागला. सैनिकांनी त्या बाकाला 'टॉयलेट बाउल' नाव दिलं. युक्ती सरळ होती. खालून पाहणाऱ्याला तापलेलं नळकांडं दिसू नये आणि वर फेकलेला वायू रोटरच्या वाऱ्यात विरून जावा.

आपल्याकडे ही गोष्ट कारगिलपाशी येऊन थांबते. २७ मे १९९९ ला स्क्वाड्रन लीडर अजय आहुजांचं मिग-२१ क्षेपणास्त्राने पाडलं. दुसऱ्याच दिवशी तोलोलिंगजवळ एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं, आतले चौघेही गेले. त्या हेलिकॉप्टरवर फ्लेअर नव्हते. त्यानंतर सशस्त्र एमआय-१७ त्या कामावरून मागे घेतली गेली. उंच डोंगरात हे आणखी अवघड, कारण शिखरावर बसलेला माणूस हेलिकॉप्टरकडे खालून नाही, बरोबरीने किंवा वरून पाहतो. वर वळवलेलं नळकांडं तिथे शत्रूच्याच दिशेने तोंड करून असणार.

६ सप्टेंबर २०२४

उद्या गणपती बसणार. कॉलेज अर्ध्या दिवसाने सुटलं तसे काकांकडे गेलो. काका म्हणजे ओझरच्या विमान कारखान्यातून शीट मेटल खात्यातून निवृत्त झालेले, आमच्या शेडवाल्याच्या वडिलांचे मित्र. त्यांना पाकळ्यांच्या नोझलचं चित्र दाखवलं. या नोझलचं तोंड गोल नसतं, नागमोडी असतं. एक पाकळी बाहेर, एक आत, पुन्हा एक बाहेर. आतल्या बाजूने गरम वायू, बाहेरच्या बाजूने थंड हवा. पाकळ्यांच्या उतारामुळे गरम वायू बाहेर ढकलला जातो आणि थंड हवा आत. दोन्हींच्या सीमेवर झोताच्या दिशेने लांबलचक भोवरे तयार होतात आणि मिसळण्याचं काम ते करतात. गोल तोंडाला मिसळायला फक्त परीघ मिळतो.

काकांनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. काकूंनी आतून उकडीच्या मोदकांचं ताट आणलं होतं, त्यातल्या एकाच्या कळ्या दाखवत म्हणाले, "हेच ना? बोटाने कळ्या काढायच्या तशा पत्र्याला काढायच्या. फक्त पत्रा काही उकडीसारखा ऐकत नाही." मग त्यांनी सांगितलं की एक मिलिमीटरच्या वर जाऊ नका, ३०४ ग्रेडचं स्टेनलेस चालेल, लाकडी साच्यावर ठोका, दोन अर्धे करून आरगॉनने जोडा. शेवटचं वाक्य असं: "वेल्डिंगनंतर ते वाकडं होणारच. किती वाकडं झालं ते मोजा आणि लिहून ठेवा, सरळ झालंय असं दाखवू नका."

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की ही पाकळ्यांची कल्पना मुळात आवाजासाठी आली. जेटच्या आवाजाची ताकद झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढते, हे लाइटहिल यांनी १९५२ मध्ये मांडलं. म्हणजे झोत लवकर मिसळून मंद केला की आवाज घसरतो. रोल्स-रॉईसच्या कॉनवे इंजिनाला म्हणूनच पन्हळी तोंड होतं. एअर इंडियाने १९६० मध्ये घेतलेली पहिली बोइंग ७०७ याच इंजिनांची. सांताक्रूझच्या रहिवाशांच्या कानांसाठी केलेली तजवीज पुढे क्षेपणास्त्राच्या डोळ्यासाठी कामी आली, असं म्हणायला हरकत नाही.

३० सप्टेंबर २०२४

झोत कशाने तापवायचा यावर वाद झाला. शेडवाल्याचं म्हणणं एलपीजी बर्नर. ज्वलन असेल तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ येईल, म्हणजे खऱ्या एक्झॉस्टसारखा वायू. प्रयोगशाळेच्या सुरक्षा समितीने सिलिंडर आत आणायला नकार दिला. त्यामुळे थ्री-फेजवर चालणारा ९ किलोवॅटचा हॉट एअर ब्लोअर. बाहेर येणारी हवा ४५० अंश सेल्सिअसपर्यंत आणि ६० मिलिमीटरच्या तोंडातून पंधरा-सोळा मीटर प्रति सेकंद वेग.

यावर मॅडमनी जो मुद्दा काढला त्याने प्रकल्पाचं नावच बदललं. हवा म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजन. दोन सारख्या अणूंचे हे रेणू इन्फ्रारेडमध्ये चमकत नाहीत. आमचा झोत ४५० अंशांचा असला तरी साध्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याला तो दिसणार नाही. म्हणजे 'इन्फ्रारेड खूण मोजली' असा दावा आम्ही झोताबद्दल करूच शकत नाही. तापमान मोजू शकतो, आणि पत्र्याच्या बाबतीत किरणंही. नवीन नाव: 'पाकळीदार नोझल व इजेक्टर वापरून गरम झोताचे मिश्रण आणि दिसणाऱ्या पत्र्याचे तापमान'. इजेक्टर म्हणजे झोताभोवतीची, बाहेरची हवा ओढून घेणारी नळी. नाव लांबलचक आहे, पण आम्ही करणार तेवढंच सांगतं. सीएफडीवाला नाराज. त्याला रेझ्युमेवर 'स्टेल्थ' लिहायचं होतं.

१४ ऑक्टोबर २०२४

इजेक्टरचं गणित. झोताभोवती मोठी नळी धरली की वेगाने जाणारा झोत आजूबाजूची हवा ओढून घेतो आणि दोन्ही मिळून नळीतून बाहेर पडतात. पंखा नाही, मोटर नाही. ४५० अंशांच्या हवेत ३० अंशांची निम्मी हवा मिसळली तर सरासरी ३१० येते. बरोबरीची मिसळली तर २४०. गरम हवेची विशिष्ट उष्णता जरा जास्त असते म्हणून प्रत्यक्षात थोडे अंश वर, पण पहिल्या अंदाजाला पुरे.

केल्विनमध्ये ४५० अंश म्हणजे ७२३ आणि २४० म्हणजे ५१३. वरच्या हिशोबाने हा फरक मोठा. अपाची हेलिकॉप्टरवरची 'ब्लॅक होल' नावाची व्यवस्था याच तत्त्वावर आहे. इंजिनाचा वायूच बाहेरची हवा ओढतो, शिवाय मार्ग असा वळवलेला की बाहेरून टर्बाइनचा तापलेला भाग थेट दिसत नाही.

लढाऊ जेटला मात्र हे जसंच्या तसं लागू होत नाही. हेलिकॉप्टरच्या एक्झॉस्टमध्ये फार जोर उरलेला नसतो, सगळी शक्ती आधीच शाफ्टने काढून घेतलेली. जेटमध्ये तो झोत म्हणजेच ढकलण्याची ताकद. उभ्या विमानाला इजेक्टरने थोडा थ्रस्ट वाढतोही, पण वेगात त्या नळीचा अडथळाच जास्त. जेटमधले उपाय वेगळे असतात, त्यांची नोंद पुढे करीन.

२५ नोव्हेंबर २०२४

दिवाळी, परीक्षा, मग मतदानासाठी वर्कशॉपची इमारत ताब्यात. काही झालं नाही. सीएफडीवाल्याने सिम्युलेशनसाठी मेश, म्हणजे हिशोबाची जाळी, बनवला एवढंच.

९ डिसेंबर २०२४

पाकळ्यांचं नोझल तयार. सहा पाकळ्या बाहेर, सहा आत. तुलनेसाठी गोल नोझलही त्याच पत्र्यातून केलं. दोघांचं बाहेर पडायचं क्षेत्रफळ सारखं ठेवायचं, हा मॅडमचा हट्ट. तो योग्यच आहे. क्षेत्रफळ वेगळं असेल तर वेग वेगळा आणि मग पाकळ्यांमुळे फरक पडला की वेगामुळे, सांगता येत नाही. पाकळ्यांचं क्षेत्रफळ मोजायला तोंडावर कागद दाबून ठसा घेतला, आलेख-कागदावर चौकोन मोजले. वेल्डिंगनंतर दोन पाकळ्या एकीकडे झुकल्या. काकांचं ऐकून मोजून लिहून ठेवलंय.

६ जानेवारी २०२५

थर्मल कॅमेरा आठवड्यासाठी मिळाला. ८ ते १४ मायक्रॉनचा, सर्व्हिसिंगवाले वापरतात तसला. झोत सुरू केला, पडद्यावर झोताच्या जागी काहीच नाही, मागची भिंत स्वच्छ दिसते. अपेक्षित होतं तरी बघताना विचित्र वाटलं. हात पुढे नेला तर भाजेल आणि पडद्यावर हवा रिकामी.

पत्र्याचं प्रकरण आणखी मजेशीर. थर्मोकपल (टेकवून तापमान मोजायची तार) म्हणतंय नोझलचा पत्रा ३०० अंश, कॅमेरा म्हणतोय सव्वाशेच्या आत. चकचकीत स्टेनलेसचं उत्सर्जन काळ्या वस्तूच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असतं, बाकी तो आरशासारखा खोलीच परावर्तित करतो. कॅमेऱ्यात पत्र्यावर आमच्या चौघांच्या आकृत्या दिसत होत्या. मोटारसायकलच्या सायलेन्सरचा काळा उष्णतारोधक रंग मारला आणि आकडे जुळले.

मग साहजिक प्रश्न: विमानालाच चकचकीत पत्रा लावला तर? बाहेरच्या पत्र्याला काही अंशी उपयोग होतो, पण तो पत्रा मग जमिनीची आणि उन्हाची किरणं परतवतो, आणि हवामान, उंची, बघणाऱ्याची जागा यांवर सगळं अवलंबून राहतं. पवईच्या आयआयटीत या विषयावर बरंच काम झालंय. तिथल्या संशोधकांच्या २००७ च्या आढावा लेखात जमिनीकडून येऊन परतणाऱ्या या किरणांचा हिशोब वाचायला मिळाला.

नळकांड्याच्या आत मात्र रंगाने फारसं काही होत नाही. खोल पोकळीत शिरलेला किरण आतल्या आत आदळत राहतो, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला ती पोकळी जवळजवळ काळी वस्तू म्हणूनच दिसते, आतला पत्रा चकचकीत का असेना. आम्ही ते करून पाहिलं. चकचकीत गोल नोझलची बाहेरची बाजू कॅमेऱ्यात गार, पण तोंडातून आत पाहिलं की तोच पत्रा झगझगीत. म्हणून मागून दिसणाऱ्या पोकळीवर उपाय दोनच: ती थंड करा किंवा ती दिसू देऊ नका.

२७ जानेवारी २०२५

झोतात थर्मोकपल फिरवायला जुन्या लेथचा क्रॉस स्लाइड वापरला. वर्कशॉपमधला तो लेथ कोणी चालवत नाही, पण त्याच्या डायलवर मिलिमीटरच्या हिश्शांत सरकता येतं. के टाइपचे पाच थर्मोकपल एका पट्टीवर, फणीसारखे.

गोल नोझल: तोंडापासून तीन व्यास अंतरावर मधला आकडा हललाच नाही. पाठ्यपुस्तकं सांगतात की गोल झोताचा गाभा चार ते सहा व्यासांपर्यंत अबाधित राहतो, तसंच. पाकळ्यांचं नोझल: त्याच अंतरावर मधलं तापमान निम्म्याच्या जवळ आलेलं आणि झोत रुंद, सपाट. सगळे खूश. मॅडमनी विचारलं, थर्मोकपलचा मणी स्वतः किरणं सोडून थंड होतो, त्याची दुरुस्ती केली का? केली. फरक थोडा आहे, गरम टोकाला जास्त.

१७ फेब्रुवारी २०२५

या आठवड्यातलं काम मला प्रकल्पातलं सर्वात महत्त्वाचं वाटतं.

पाकळ्यांच्या नोझलभोवती इजेक्टरची नळी बसवली. अपेक्षा अशी की आता बाहेर पडणारी हवा आणखी थंड. हवा सरासरीने थंड झालीच. पण बाहेरून दिसणारा पत्रा म्हणजे आता ही नळी, आणि काळ्या रंगाच्या नळीवर कॅमेऱ्यात सहा उजळ पट्टे. प्रत्येक बाहेरच्या पाकळीने गरम हवा थेट नळीच्या भिंतीवर नेऊन आदळवली होती. गोल नोझल आत ठेवलं तेव्हा हीच नळी यापेक्षा गार होती, कारण गरम गाभा मधून निघून जात होता आणि भिंतीलगत थंड हवा वाहत होती. म्हणजे वायू थंड करणारं तोंड पत्रा तापवतं. क्षेपणास्त्राच्या जुन्या डोळ्याला पत्राच तर दिसतो!

काकांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, "सलग नळी कशाला? तुकडे करा, एकात एक, मधे फट ठेवा." फटीतून बाहेरची थंड हवा आत ओढली जाते आणि पुढच्या तुकड्याच्या आतून थंड थर बनून वाहते. युद्धनौकांच्या गॅस टर्बाइनच्या धुराड्यांवरही अशीच एकात एक कडी असतात. तीन कड्यांची नळी केली. पट्टे पूर्ण गेले नाहीत, पण फिके झाले आणि शेवटचं कडं हाताला सोसवेल इतकं गार.

दुसरी गोष्ट दाबाची. आमच्या झोताचा गतिज दाब पाण्याच्या पाच-सहा मिलिमीटरइतकाच, त्यामुळे तिरक्या मॅनोमीटरशिवाय काही कळत नाही. वाकडी नळी लावून पाहिली तेव्हा नोझलच्या मागे दाब वाढला, ब्लोअरमधून जाणारी हवा कमी झाली, हीटर तेवढाच, म्हणून बाहेर येणारी हवा जास्त गरम झाली. थंड करायला लावलेल्या वस्तूने उगमाचंच तापमान वाढवलं. आधी वाटलं हा आमच्या रिगचा दोष. मॅडम म्हणाल्या, "खऱ्या टर्बोशाफ्टमध्येही, म्हणजे हेलिकॉप्टरच्या इंजिनात, हेच होतं. मागून दाब वाढला की टर्बाइनला तेवढंच काम करायला जास्त इंधन लागतं, आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. वैमानिकाला शक्ती कमी मिळते." कारगिलसारख्या उंचीवर, जिथे विरळ हवेने हेलिकॉप्टरची शक्ती आधीच उतरलेली असते, तिथे ही कपात किती बोचत असेल याचा अंदाज येतो. तिथे सप्रेसर, म्हणजे एक्झॉस्ट थंड करणारी ही व्यवस्था, लावायचा की तेवढ्या वजनाचं इंधन न्यायचं, हे कोणीतरी खरोखर ठरवत असणार.

यानंतर प्रत्येक मापनाआधी डॅम्परने हवेचा प्रवाह सारखा करून घ्यायचा नियम केला. आधीची मापनं सरळ नळीची होती, त्यांना फरक पडत नाही.

१० मार्च २०२५

लिखाणाचा आठवडा. खऱ्या विमानांनी काय केलं, हे प्रकरण मी लिहितोय.

अमेरिकेच्या ए-१० ची इंजिनं पाठीवर, मागे दुहेरी शेपटी. जमिनीवरून पाहणाऱ्याला गरम भाग शेपटीआड जातो. शिवाय इंजिन हाय बायपासचं, म्हणजे थंड हवेचा मोठा वाटा गरम वायूबरोबरच बाहेर येतो. एफ-११७ चा एक्झॉस्ट रुंद, चपटी फट. खालचा ओठ मागे लांबवलेला आणि त्यावर उष्णता सोसणाऱ्या फरशा, म्हणजे खालून आत डोकावता येत नाही. चपट्या झोताचा परीघ गोल झोतापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून तो लवकर मिसळतो. आमच्या पाकळ्यांमागेही तोच विचार. बी-२ मध्ये इंजिनं पंखाच्या आत गाडलेली आणि एक्झॉस्ट पंखाच्या वर.

कोमांची नावाच्या हेलिकॉप्टरने सगळ्यात पुढे मजल मारली होती. एक्झॉस्ट शेपटीच्या आतूनच लांबवर नेऊन थंड करून फटींतून सोडायचा. २००४ मध्ये तो कार्यक्रमच रद्द झाला. आपलं 'प्रचंड' हेलिकॉप्टर ३ ऑक्टोबर २०२२ ला जोधपूरला हवाई दलात दाखल झालं. त्याच्या शक्ती इंजिनांच्या एक्झॉस्टवर इन्फ्रारेड सप्रेसर आहे. ते उंच पर्वतांत लढण्यासाठीच बनलंय.

आणि आफ्टरबर्नर, म्हणजे झोतात पुन्हा इंधन जाळून जोर वाढवणं. तो पेटवला की झोत दोन हजार केल्विनच्या घरात जातो आणि वरचं सगळं व्यर्थ. एफ-११७ आणि बी-२ दोघांनाही आफ्टरबर्नर नाही, ते यामुळेही. आवाजापेक्षा वेगाने पळणं आणि उष्णता लपवणं या दोन मागण्या एकाच इंजिनाकडून करताना एकीला मुरड घालावी लागते. सीएफडीवाल्याने विचारलं, मग आजच्या क्षेपणास्त्रांना चित्रच दिसतं, नुसता ठिपका नाही, त्यांच्यापुढे या सगळ्याचा काय उपयोग? उपयोग कमी होतो, संपत नाही. चित्र ओळखायलाही आधी ते पार्श्वभूमीपेक्षा वेगळं दिसावं लागतं, आणि किती दूरवरून वेगळं दिसतं हे पुन्हा तापमानावरच येतं. फक्त आता एक्झॉस्टबरोबर पंखांच्या कडा, वाऱ्याच्या घर्षणाने तापलेली त्वचा, सगळंच हिशोबात घ्यावं लागतं.

७ एप्रिल २०२५

अहवाल बांधायला दिला. बाहेरच्या परीक्षकांना पाकळ्यांच्या आलेखापेक्षा नळीवरच्या उजळ पट्ट्यांचा फोटो जास्त आवडला. त्यांनी विचारलं, पाकळ्यांची संख्या बारा केली तर? आमच्याकडे उत्तर सिम्युलेशनचंच होतं: मिश्रण लवकर होतं, दाबाचा खर्च वाढतो. एवढ्या लहान पत्र्यात बारा पाकळ्या ठोकता येणार नाहीत, हे शेडवाल्याने जोडलं आणि परीक्षक हसले.

रिग पुढच्या बॅचसाठी वर्कशॉपच्या मागच्या खोलीत ठेवलाय. जो कोणी घेईल त्याने हे वाचावं. फणीतला चौथा थर्मोकपल कधीकधी तुटतो, वायर हलवली की परत येतो, बदलून टाका. हीटर बंद केल्यावर ब्लोअर निदान दहा मिनिटं चालू ठेवा, नाहीतर कॉइल जळेल. कड्यांमधली फट आम्ही डोळ्याने ठेवलीय, ती नीट बदलून पाहायची राहिली. फट वाढवत नेली तर कुठपर्यंत फायदा आणि कुठून दाब वाया, हे कोणी मोजलं तर बरं. आणि एलपीजीची परवानगी उघड्या शेडसाठी पुन्हा मागा. ज्वलनाचा वायू असल्याशिवाय झोताचं तेज मोजता येणार नाही, आणि ४.३ मायक्रॉनच्या आजूबाजूला पाहणारा कॅमेराही कुठून तरी मिळवावा लागेल. ८ ते १४ चा कॅमेरा घेऊन त्या कामाला बसू नका.